मीटरला कळता कामा नये

मिक्सर. सकाळी सहा चाळीस. अडीच मिनिटं.

पितळी टोकन, क्रमांक सात.

सुगंधाच्या गच्चीवर उन्हात घातलेले तीनशे दहा पापड.

उषाच्या किंजलचं लग्न, मनोरला. मांडवाचे वडे मावशीने थापायचे, असं त्यांच्यात आहे.

डब्याच्या चपात्या गुंडाळायची फॉइल. नवा कोरा रोल, तीन दिवसांत संपला.

“तुमी गेलात तर मीटरला कळणार पण नाय.”

या सहा गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. मग एका मंगळवारी कुंभवलीत आत्माराम सावेच्या घरी नवा वीजमीटर बसवायला वैभवी भोईर नावाची मुलगी आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, खांद्याला बॅग, आणि अजून अकरा घरं करायची असल्यामुळे चेहऱ्यावर घाई. ती सरळ ओट्यावर चढली आणि तिथेच अडली.

“ओळखपत्र,” आत्माराम म्हणाला.

आत्मारामने एकतीस वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्याचं गेट सांभाळलं होतं. त्या गेटातून एकही मोबाईल आत गेला नाही आणि एकही जेवणाचा डबा न उघडता बाहेर आला नाही. एकदा खुद्द मॅनेजरच्या सासऱ्यांना त्याने ओळखपत्र नाही म्हणून पाऊण तास बदामाच्या झाडाखाली बसवलं होतं. निवृत्तीला कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि गेटवर प्लॅस्टिकची कार्डं आल्यामुळे नकोशी झालेली वीस पितळी टोकनंही दिली. घड्याळ भिंतीवर गेलं, टोकनं कामाला लागली. ओट्यावर स्टूल, स्टुलावर नोंदवही, नोंदवहीला सुतळीने बांधलेलं पेन. दूधवाला आत. दूधवाला बाहेर.

वैभवीने गळ्यातलं कार्ड दाखवलं.

“बॅग उघडा.”

“काका, पक्कड हाय. स्क्रूड्रायव्हर हाय.”

“मोबाईल?”

“हाय ना.”

“इथं जमा.”

“पण काका, तो...”

“जाताना मिळेल. हे टोकन घ्या. हरवू नका, सात नंबर एकच हाय.”

मोबाईल कपाटात गेला. मीटर बसेपर्यंत आत्माराम तिच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिला. नव्या मीटरवर एक हिरवा दिवा मिचमिचायला लागला, तसे त्याचे डोळे बारीक झाले.

“जुन्याला काय झालं होतं?”

“काय नाय. हा स्मार्ट हाय. आता रीडिंग घ्यायला कोण येणार नाय. हाच दर अर्ध्या तासाने माहिती पाठवणार.”

“वायर तर दिसत नाय.”

“वायरलेस हाय, काका.”

“पाठवणार कोणाला?”

“सर्व्हरला.”

“आणि त्या सर्व्हरच्या गेटवर कोण असतं?”

वैभवी प्रशिक्षणात बरंच काही शिकली होती. हा प्रश्न त्यात आला नव्हता. शैलाने, म्हणजे आत्मारामच्या बायकोने, तिची सुटका केली. तिला स्वयंपाकघरात बोलावून कोकम सरबत दिलं. दोघी तिथे चांगली दहा मिनिटं बोलत बसल्या, कारण बाहेर आत्माराम मीटरचा लांबलचक क्रमांक नोंदवहीत उतरवत होता आणि दोनदा चुकला.

*मंगळवार. वैभवी भोईर. आत ११.०५, बाहेर ११.५५. सोबत आणले: पक्कड. ठेवून गेली: मीटर, एक. शेरा: दिवा मिचकावतो.*

बुधवारी पुतण्या आला. मितेशचं बोईसर स्टेशनसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे घराण्यात विज्ञान म्हणजे मितेश. त्याच्या फ्लॅटला स्मार्ट मीटर लागून सहा महिने झाले होते. त्याने काकांना आपल्या मोबाईलवर आपल्याच घराचा आलेख दाखवला.

“हा डोंगर दिसतो? सकाळी साडेसहा. हीटर. पुढं हे बारीक टोक, मिक्सर. आणि दहा ते सात बघा, एकदम सपाट.”

“सपाट म्हणजे?”

“म्हणजे मी दुकानात, हेमाली शाळेत शिकवायला. घरात कोण नाय.”

“हे कोणाकोणाला दिसतं?”

“मलाच. पासवर्ड हाय ना.”

“काय पासवर्ड?”

“मितेश एक दोन तीन.”

आत्मारामने डोळे मिटून घेतले. मितेशला गंमत वाटली आणि त्याने आणखी तेल ओतलं. “काका, आता चोर काय भिंतीवरून डोकावत नाय. घरी बसून आकडे बघतो. सपाट दिसलं की उठला, चप्पल घातली, आला.”

मितेश हसत हसत दुकानात गेला. आत्माराम स्वयंपाकघरात गेला आणि फॉइलचा रोल घेऊन बाहेर आला.

बुधवारी मीटरला तीन पदर बसले. गुरुवारी सात. शुक्रवारी रोल संपला आणि शेजारची सुगंधा कुंपणाशी येऊन उभी राहिली.

“काय ओ भाऊजी, मीटरला डबा बांधून दिला काय? कितीची शिफ्ट हाय त्याची?”

मितेशला फोनवर कळलं तेव्हा त्याचंच हसू पळालं. “काका, काढा ते आधी! विजेच्या मीटरला धातू गुंडाळता? शॉक बसेल, वर केस होईल.” फॉइल निघाली. आतला हिरवा दिवा जसाच्या तसा मिचमिचत होता.

आणि नेमकं आठ दिवसांवर किंजलचं लग्न आलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शैला आपल्या बहिणीकडे, उषाकडे, शेवटची मुक्कामाला राहिली तेव्हा किंजल चौथीत होती. त्यानंतर बारसं असो, वास्तुशांत असो, आत्माराम आणि शैला सकाळी मनोरला जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. कारण घर. घर उघडं टाकून कसं चालेल? घरात होतं काय? फ्रिज, टीव्ही, पितळेची हंडी आणि निवृत्तीचं घड्याळ. सोनं म्हणाल तर ते शैलाच्या गळ्यात, म्हणजे ते तिच्याबरोबर लग्नालाच जायचं. पण आत्मारामला गेट माहीत होतं, गेटाच्या आत काय आहे ते त्याने एकतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

“किंजलच्या मांडवाला मी शुक्रवारी जाणार,” शैला वालाच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. “रविवारी लगीन लागलं की सोमवारी येणार.”

“तीन रात्री?”

“तीन.”

“त्यापेक्षा शुक्रवारी दोघं जाऊ. तू वडे थाप, संध्याकाळी परत. रविवारी पुन्हा जाऊ, पुन्हा परत.”

“चालेल,” शैला म्हणाली. तिने एक शेंग सोलली, दुसरी सोलली. “पण मग दोन दिवस घर सपाट.”

आत्मारामचा चहा बशीतून धोतरावर आला.

“बरोबर,” तो धोतर झटकत म्हणाला. “मग तू एकटी जा. मी थांबतो.”

“तुमी थांबून काय होणार? तुमी गेलात तर मीटरला कळणार पण नाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमी लावता काय? पंखा. मोटर मी लावते, मिक्सर मी, मशीन मी, इस्त्री मी. मी गेले की मीटर सांगणार, या घरात एक पंखा राहतो.”

हे आत्मारामला लागलं. त्याने दुसऱ्या दिवशी पुरावाच गोळा करायचं ठरवलं आणि नोंदवहीत दोन रकाने आखले. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणी कुठलं बटण दाबलं ते लिहिलं. शैलाच्या रकान्यात चौदा नोंदी झाल्या. आत्मारामच्या रकान्यात तीन: पंखा, टीव्ही, पंखा. त्यातला दुसरा पंखा पहिलाच होता.

आता त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या. एक, शैलाला मांडवाला पाठवायचंच नाही. पण किंजलने स्वतः फोन करून सांगितलं होतं, “काका, मावशी मुक्कामाला नाय आली तर मी हळद लावून घेणार नाय, मग तुमी नवऱ्याकडच्यांना काय सांगायचं ते सांगा.” आणि खरं तर चौथीतली किंजल त्याच्याही डोळ्यांसमोर होती. दुसरी वाट त्याला कारखान्यातून सापडली. तिथे कोणी रजेवर गेलं की त्याच्या जागी बदली माणूस यायचा. पोस्ट रिकामी राहत नसे.

“तुझी बदली मी,” त्याने जाहीर केलं. “तुझ्याच टायमाला, तुझंच काम. मीटरला कळता कामा नये.”

“जमेल?”

“एकतीस वर्षं गेट सांभाळलं, तुझा मिक्सर नाय सांभाळणार?”

शैलाने कागद-पेन घेतलं. तिने यादी दिली.

*५.५० मोटर. टाकी भरली की बंद करणे.* (शेवटच्या पाच शब्दांखाली दोन रेघा.) *६.४० मिक्सर. ९.४५ मशीन. ४.०० इस्त्री.* अशा एकूण दहा ओळी.

शुक्रवारी सकाळी आत्मारामने शैलाला मागच्या वाडीतून, नारळींच्या आडून बाहेर काढलं. “कोणी विचारलं तर बाजारात चाललीस.”

“पैठणी नेसून?”

“लवकर जा.”

ती कोपऱ्यावरच्या रिक्षात बसली आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिला हसू आवरत नव्हतं, पण ते तिच्या पाठीवरून कसं कळणार?

सहा चाळीस झाले. आत्मारामने मिक्सर लावला. काही मिनिटांनी त्याने वाटेतल्या शैलाला फोन केला.

“शैला, जळका वास येतो.”

“आत काय घातलंत?”

“काय नाय.”

“रिकामा फिरवलात?”

“आत काय हाय ते मीटरला थोडंच कळतं?”

“मिक्सरला कळतं!”

तेव्हा आत्मारामला नारळ खवणं भाग पडलं. मिक्सर दिवसातून तीनदा, म्हणजे नारळ तीन. मशीनला कपडे हवेत, आणि त्याचे मळके कपडे दोनच. मग त्याने पडदे काढून धुतले. इस्त्रीला काहीतरी हवं, म्हणून वाळलेल्या पडद्यांना इस्त्री केली. शैलाच्या इस्त्रीची चाळीस मिनिटं भरत नव्हती, तेव्हा पायपुसण्यालाही केली. संध्याकाळपर्यंत घरात चार वाट्या चटणी होती, पायपुसण्याला कडक घडी होती आणि आत्मारामच्या कंबरेचा पत्ता नव्हता. नोंदवहीत मात्र दहापैकी दहा. खाली त्याने सही केली आणि सहीखाली पहिल्यांदाच स्वतःहून एक शेरा लिहिला: *हे रोज?*

शनिवारी सव्वानऊला वीज गेली.

आधी त्याला हायसं वाटलं. मग घाम फुटला. मशीन राहिलं होतं. दुसरा मिक्सर राहिला होता. मीटर आता शांत होता, म्हणजे घर सपाट होतं, म्हणजे कुठेतरी एक चोर चप्पल शोधत होता. सबंध गल्लीचीच वीज गेली आहे, हे त्याला माहीत होतं. पण त्यामुळे सबंध गल्लीच चोराला रिकामी दिसणार, एवढीच त्यात भर पडली.

साडेबाराला वीज आली. आत्मारामने सव्वातीन तासांचा अनुशेष एकदम भरून काढायचं ठरवलं. मशीन, मोटर, इस्त्री, मिक्सर. मेनचं बटण खाली पडलं, अंधार. त्याने ते वर केलं. पुन्हा पडलं. तिसऱ्या खेपेला त्याने इस्त्री वगळली आणि सगळं घर एका सुरात घरघरायला लागलं. इतकं सुरेख घरघरायला लागलं, की मोटर किती वेळ चालू आहे तेच त्याला कळलं नाही. शैलाच्या दोन रेघा स्वयंपाकघराच्या भिंतीवर तशाच राहिल्या.

टाकी भरली. टाकीचं जादा पाणी पत्र्यावर आलं. पत्र्याचा उतार सुगंधाच्या गच्चीकडे आहे.

“भाऊजीऽऽ! पाणी! माझं पापड!”

तीनशे दहा पापडांचं पुन्हा पीठ झालं होतं. सुगंधा एक थबथबलेला पापड पुरावा म्हणून हातात धरून ओट्यावर आली. तिने नोंद केली नाही, टोकन घेतलं नाही, सरळ आत शिरली. आत्मारामच्या हातात चटणीचं भांडं होतं.

“शैला कुठं हाय?”

“आंघोळीला.”

“मोटर चालू, मशीन चालू, मिक्सर चालू, आणि बाई आंघोळीला? आणि पडदे कुठं गेले तुमच्याकडचे?”

आत्मारामने इकडेतिकडे पाहिलं. “मीटरपासून लांब या,” तो कुजबुजला आणि तिला विहिरीपलीकडे घेऊन गेला. तिथे त्याने सगळं सांगितलं. सपाट काय, डोंगर काय, शैला मनोरला, तो बदली. शेवटी म्हणाला, “कोणाला सांगू नका.”

सुगंधाने पदराला हात पुसले. पापडांचा राग तिच्या तोंडावर होता, पण त्याच्या मागून दुसरंच काही येत होतं.

“म्हणजे मिक्सर तुमाला फिरवायलाच लागतो?”

“हो.”

“रिकामा चालत नाय?”

“नाय.”

“थांबा मग. पापड तुमी बुडवलेत, आता डाळ तरी वाटून द्या.”

ती तीन पातेली भिजवलेली डाळ घेऊन आली. तिच्या मागून तिची जाऊ वर्षाचा मसाला घेऊन आली. पुढच्या घरातला मारुती, मूळचा जतचा, रात्रपाळीची झोप अर्धी टाकून कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. “काका, तुमचा टाईम भरून काढायचाय न्हवं? माझे चार युनिफॉर्म हायेत. कॉलर जरा कडक मारा.” तिसऱ्या घरातल्या वत्सलाकाकू गोधडी घेऊन आल्या, कारण त्यांच्या मशीनमध्ये ती मावत नव्हती.

आत्मारामने एकालाही नोंदीशिवाय आत सोडलं नाही. मोबाईल जमा, टोकन दिलं. पाच वाजेपर्यंत वीसही टोकनं संपली. पुढच्या तिघांना त्याने खिळ्याला टांगलेल्या चाव्या दिल्या. प्रत्येकाला त्याने आवाज खाली आणून सांगितलं, की शैला मनोरला गेली आहे, सोमवारी येणार, कोणाला सांगू नका. स्वयंपाकघरात बायका गप्पा मारत होत्या, मारुती इस्त्रीशेजारी बसून आत्मारामला बाही कशी घालायची ते शिकवत होता, आणि शैलाच्या यादीतल्या दहा ओळींच्या बावीस झाल्या होत्या.

*शनिवार. एकूण आत: २३.* एवढं लिहून आत्माराम थबकला. मीटरने चोराला जे सांगितलं असतं, ते त्याने स्वतः तेवीस जणांना सांगितलं होतं, तेही तारखेसह. तो शेरा लिहिणार होता, पण पेन संपलं.

रविवारी सकाळी नऊला सुगंधा आली तेव्हा तो मिक्सरसमोर घड्याळ लावून बसला होता.

“तुमी हितंच? लगीन साडेबाराचं ना?”

“ड्युटी हाय.”

“तुमची शैला मांडवात एकटी उभी राहणार? नवरा कुठाय विचारलं तर काय सांगेल, इस्त्री करतो?”

“पोस्ट रिकामी ठेवता येत नाय, वहिनी.”

“मग आमी काय हाओत? तुमची बदली आमी.”

आत्माराम उठला. नियम त्याचाच होता. त्याने नोंदवही, नवं पेन आणि टोकनांची पिशवी सुगंधाच्या हवाली केली, *चार्ज दिला, चार्ज घेतला* असं लिहून दोघांच्या सह्या झाल्या, आणि कडक कॉलरचा शर्ट घालून तो मारुतीच्या मोटरसायकलवर बसला. चिल्हार फाट्यापर्यंत तो तीनदा म्हणाला, “मोटर बंद केली असेल ना?” मारुतीने वारा जोरात आहे असं दाखवलं.

मांडवात शैलाने त्याला लांबूनच पाहिलं. आधी तिच्या कपाळावर आठी आली, मग ती त्याच्या कॉलरकडे बघत राहिली.

“घर?”

“भरलेलं हाय.”

“कोण हाय?”

“कोण नाय ते विचार.”

लग्न लागलं. आत्मारामने शैलाच्या हातचे सात वडे खाल्ले आणि मग सवयीने मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. नवऱ्याच्या थोरल्या मामांना “आपण कोणाकडून?” असं विचारून झाल्यावर उषाने त्याला हाताला धरून आत आणून बसवलं. चार वाजले, पाच वाजले. दिवे लागायची वेळ झाली तसं आत्मारामने घड्याळाकडे पाहिलं. शैलाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

“उषा,” आत्माराम म्हणाला, “एखादी चादर हाय का जादा?”

सोमवारी दोघं परतली तेव्हा ओट्यावर स्टूल होतं, स्टुलावर नोंदवही होती आणि घरात फ्रिज, टीव्ही, हंडी, घड्याळ, सगळं जागच्या जागी होतं. पडदेही लावले होते. शेवटची नोंद सुगंधाच्या हातची होती: *सोमवार, ६.४०. मिक्सर. चटणी आमच्याकडून. तुमची संपली.*

आत्माराम मीटरपाशी गेला. हिरवा दिवा मिचमिचत होता. आत्मारामने त्याच्याकडे, गेटवर पकडल्या गेलेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं.

“चार दिवस,” तो म्हणाला. “याला काय कळलं नाय.”

“नाय,” शैला म्हणाली आणि पैठणीची घडी घालायला आत गेली. “काय पण कळलं नाय. पुढच्या महिन्यात वाडवळपाड्यात उषाच्या नणंदेकडं मुंज हाय. दोन दिवसांची.”

तो मीटर बसवल्यावर मोबाईलवरून सर्व्हरशी जोडून द्यावा लागत होता आणि जोडेपर्यंत तो युनिटं मोजायचा, पण कोणाला काही पाठवायचा नाही. त्या मंगळवारी वैभवीचा मोबाईल टोकन क्रमांक सातवर कपाटात होता, म्हणून जोडणी नंतर कधीतरी येऊन करते, असं तिने सरबत पिताना शैलाला सांगितलं होतं, आणि शैलाने तिला सांगितलं होतं, घाई नाय.